माह्या गजूले मिशी नव्हती

लिहा ताई, पन मी बोलीन तसंच लिहा, मागून त्याले साबन लावून धुऊ नका. मागं एक पेपरवाला आलता, चांगला चाय पेला, माह्यासंग डोळे पुसले, अन् पेपरात छापलं का माझा पुत्र मातृभूमीच्या चरणी समर्पित झाला याचा मला सार्थ अभिमान वाटतो, अन् खाली माहं नाव, सुभद्राबाई. आता तुम्हीच सांगा, चरणी समर्पित हे माह्या तोंडातून निघालं असन काय? मी त्याले सांगतलं होतं का बापू, पोरगा गेला तवापासून घास घशाखाली उतरत नाई, पानी घेऊन घेऊन गिळा लागते. ते कुठी गेलं? ते नाई छापलं. मायनं रडलं तं चालते, गिळता येत नाई म्हनलं तं पेपर खराब होते वाटते.

माहं माहेर पांढरकवड्याच्या पल्याड, सागाच्या जंगलाले लागून लहानसं गाव, बाप रोजानं जाये, माय तेंदूपत्ता तोडे, मी चौथीपर्यंत शाळेत गेली अन् मंग लहान्या भावाले सांभाळाले घरी राह्यली. लग्न होऊन इकडे आली, घाटंजीच्या जोळ, हे गाव. नवरा बाजारात हमाली करे, कापसाचे गठ्ठे, तुरीचे कट्टे, पाठ अशी होती त्याची का जसा दगड. अन् मी जिनात जाये. जिन म्हनजे जिथं कापसाची सरकी काढतात ना, तिथं. दिवाळीनंतर सुरू होते ते थेट होळीपर्यंत, ढिगावर बसून खराब कापूस वेचाचा, पत्ती काढाची, रुई उडते ते नाकात, कानात, भाकरीत, घरी आली का पोट्टं म्हने माय, तू म्हतारी झाली, केस पांढरे झाले. अन् मशीनचा आवाज असा का बाजूच्या बाईले हाक माराची तं पोटातून बोंबला लागे. जिनातल्या बाया घरीही मोठ्यानं बोलतात, लोक म्हनतात भांडखोर आहे. भांडखोर नाई ताई, जिनातली आहे.

नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलं, एक बाजू गेली, खाटेवर पडला, अन् दुसऱ्या पावसाळ्यात खतम. गजू तवा आठवीत होता. गजानन नाव, पन गजू म्हनत सारे. आता काय सांगू तुम्हाले, कसा होता म्हनून. काही खास नव्हता. हेच तं मी सांगून राह्यली सगळ्याले, काही खास नव्हता, माहा होता. उंच, किडकिडा, भाकर चार खाये तरी अंगाले लागे नाई. भाजी अंबाडीची आवडे. अन् पालीले भ्याये. घरात पाल दिसली का खाटेवर उभा राहून बोंबले, माय झाडू आन, माय झाडू आन. एवढा मोठा घोडा. फौजेत भरती झाला तवा मी त्याले म्हनलं, गजू, तिकडे पाल निंघाली तं कोनाले हाक मारशीन रे? तं म्हने तिकडे थंडी लय राह्यते माय, पाली नसतात, म्हून तं चाललो.

पहाटे घाटंजीच्या रस्त्यानं पळे तो, भरतीसाठी. दोनदा नाई झाला, तिसऱ्यांदा झाला. साऱ्या गावाले पेढे वाटले मी, जिनात वाटले. मंग लग्न केलं त्याचं, मनीषा, पांढरकवड्याकडचीच पोरगी, माह्या माहेरची वाट तिच्या गावावरून जाते. शिलाई येत होती तिले. गोरीगोमटी नाई, पन हासली का घर उजेडात येये. वर्साच्या आत पोरगी झाली, चिमी. गजू सुट्टीवर आला का पोरीले खांद्यावर घेऊन बाजारभर फिरे, लोक म्हनत गजाननराव, पोट्टीले चालता येते ना? तं म्हने येते ना, मले चालवत नाई. म्हनजे त्याच्यानं तिले चालू देववत नाई, असं.

मी जिनात होती, ढिगावर. अन् जिन बंद पडलं. ताई, सीझनात जिन बंद पडत नाई, लाइन गेली तरी जनरेटर लावतात. एकदम चूप झालं सारं. माह्या कानात शिट्टी वाजे निस्ती. मुनीम दारात उभा, अन् सगळ्या बायाइकडे नाई, माह्याचकडे पाहे. मी उठलीच नाई. मी म्हनलं, जोवर उठत नाई तोवर काही झालं नाई. मंग बायाइनं उठवलं.

पेटी दोन दिवसानं आली. आता इथून माहा राग सुरू होते, लिहा. पेटीच्या पुढं डीजे लावला होता. ऐका बरं, मयतीत डीजे. देशभक्तीची गानी. रस्त्यानं पोट्टे मोटरसायकलीवर झेंडे घेऊन, भोंगे वाजवत, अन् पुढं बंडूभाऊ, आमचा माजी सरपंच, पांढरा सदरा, गाडीवर उभा राहून हात जोडून राह्यला साऱ्याले, जसा त्याचीच मिरवनूक. मी म्हनलं, बंद करा ते, माह्या पोराले नेऊन राह्यले का नवरदेव आनून राह्यले? तं बंडूभाऊ म्हने, काकू, शहीद आहे तो, तो आता तुमचा एकटीचा नाई, गावाचा आहे. तवा मले समजलं नाई. मले वाटलं मान देऊन राह्यला. नंतर समजलं का तो खरंच घेऊन गेला.

पेटी उघडू दिली नाई. मी बोंबलली, आपटली, नाई. पेटीसंग त्याच्या तुकडीतला एक जवान आलता, साताऱ्याकडचा, मोठा सभ्य पोरगा. तेरवी होईपर्यंत गावातच थांबला. एक दिवस चुलीपाशी येऊन बसला अन् म्हने, आई, तुम्हाला खरं सांगू का? मी म्हनलं सांग रे बापा, इथं सारे खोटंच सांगून राह्यले. तं त्यानं सांगतलं का रेशन घेऊन गाडी वरच्या चौकीवर चालली होती, गजानन मागं पिठाच्या पोत्यावर बसला होता, पाऊस होता, अन् डोंगर खचला. दुश्मन नव्हता आई, म्हने, कोणीच नव्हतं, डोंगर खाली आला. मी विचारलं, काही बोल्ला होता काय तो? तं म्हने, सकाळी म्हणत होता का आता आखाजीले, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुट्टी मागतो, आईच्या हातचं आंब्याचं पन्हं प्यायचंय.

एवढं मले पुरे होतं. ते घेऊन मी जगली असती. माहा पोरगा दुसऱ्याइसाठी पीठ घेऊन चालला होता अन् डोंगराखाली गेला. यात काय कमी आहे, सांगा ना. पन बंडूभाऊले कमी पडलं. पहिल्या पंधरा ऑगस्टले मंचावरून त्यानं सांगतलं का आपल्या गजाननने सात दुश्मनांना लोळवलं अन् छातीवर गोळी झेलली. मी तिथंच खुर्चीत बसून. मी त्याले मागून म्हनलं, भाऊ, असं नाई झालं. तं म्हने, काकू, लोकांना सांगायला असं लागतं. दुसऱ्या वर्सी सातचे अकरा झाले. लोक टाळ्या वाजवतात. अन् मी मनात म्हनतो, मंग पीठ घेऊन जानारा जवान नसते काय? डोंगराखाली मरते त्याची माय कमी रडते काय? माह्या पोराचं मरन तुमच्या पसंतीस नाई उतरलं म्हून तुम्ही त्याले दुसरं मरन शिवून दिलं?

अन् पुतळा. बसथांब्याजोळ बसवला, चबुतरा, साखळी, बरं केलं, मी नाई म्हनत नाई. फडकं काढलं तं मी पाह्यतच राह्यली. गालफडं भरलेली, छाती अशी, अन् मिशी! पिळदार, दोन्ही बाजूनं वर. ताई, माह्या गजूले मिशी नव्हती. त्याले येतच नव्हती धड, इथं चार केस अन् तिथं चार, तो काढूनच टाके. चिमी माह्या कडेवर होती, मी म्हनलं बाबाले नमस्कार कर, तं पोट्टी पाहे पाहे अन् म्हने, आजी, हा कोन आहे? लोक हासले. मले हासू आलं नाई.

आता मनीषाचं ऐका. तिचं वय काय होतं, पोरीबारीचं वय. वर्सभर ती घराबाहेर निंघाली नाई. निंघाली तं फक्त मंचावर. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, कोनाचा मेळावा, कोनाचं उद्घाटन, गाडी ये, वीरपत्नीले पाठवा. अन् बंडूभाऊची बायको आधी येऊन सांगून जाये का पांढरी नाई तं फिक्की साडी नेसजो, पावडर लावू नको. तिथं शाल, नारळ, फोटो. तिनं मान खाली घालून उभं राहाचं. एका जागी तं भाषनवाला म्हने का ही माउली जन्मभर त्याच्या आठवणीची ज्योत पेटती ठेवील. जन्मभर! तू कोन रे ठरवनारा? तुही बायको मेली तं तू वर्सश्राद्धाची वाट पाहशीन काय?

मंग एक दिवस तिनं हिरवी साडी नेसली. पोपटी, मीच काढून दिली संदुकीतून, म्हनलं घाल, कसर खाऊन जाईन. चिमीले घेऊन बाजाराले गेली. आली ते तोंड उतरलेलं. दोन दिवस शिलाईच्या मशीनवर बसे अन् सुईत दोरा नसताना पाय मारे. चिमीनं सांगतलं मले. म्हने, एक काका आईले म्हनला, बाई, शहीदाची बायको तुम्ही, असं नटून बाजारात, शोभते काय? अन् माह्या डोक्यात जाळ झाला. तुम्हाले सांगतो ताई, आमच्यात पाट लावनं काही आजचं नाई. माह्या सख्ख्या आजीचा पाट झालता, माह्या जावेच्या बहिनीचा झाला, नवरा मेला का दोन वर्सानं मानसं बसतात, चांगला पाहून देतात, कोनी काही म्हनत नाई. मजूर मेला तं त्याची बायको बाई राह्यते. जवान मेला तं तिनं बी पुतळा व्हावं काय? एक चबुतरा तिच्यासाठी बी बांधून ठेवा मंग, तिथं उभी करा, हार घाला.

मी मनावर घेतलं. तिले नाई विचारलं आधी, तिच्या बापाले विचारलं, तं तो भ्याला, म्हने गाव काय म्हनन. मी म्हनलं गाव माह्यावर सोडा. पांढरकवड्याले मोटार वाइंडिंगचं दुकान आहे विलासचं, विहिरीच्या मोटारी जळाल्या का लोक त्याच्याकडे आनतात. त्याचीही बायको गेलती, काविळीनं. पोरंबाळं नाई. मी स्वतः गेली त्याच्या दुकानात, खराब मोटार नाई काही नाई, बाकावर बसली अन् म्हनलं, मी गजाननची माय आहे, माह्या सुनेसाठी आली. बिचारा हातातली तार खाली ठेवून उभाच राह्यला. त्यानं एकच विचारलं, काकू, पोरगी संग येईन ना? मी म्हनलं येईन. अन् तवाच समजली का हा मानूस बरा आहे. कारन बाकी दोघं पाह्यले होते मी, त्याइनं विचारलं का पोरगी तुमच्याकडेच राहीन ना?

मनीषाले सांगतलं तं ती रडली, म्हने मी त्याले विसरली नाई आई. मी म्हनलं, विसराले कोन सांगते? मी बी नवऱ्याले नाई विसरली, पन मी मेली बी नाई.

बातमी फुटली तसा बंडूभाऊ आला, संगं चार मानसं, त्यात माहा सख्खा दीर देवराव. ओट्यावर बसले. बंडूभाऊ म्हने, काकू, हे काय ऐकून राह्यलो? ती या गावाची वीरपत्नी आहे, गावाची इज्जत आहे. मी म्हनलं, गावाची कशी? चिमीले गोवर आलता तवा गावानं मांडीवर घेतलं होतं काय तिले? देवराव म्हने, वहिनी, गजूच्या आत्म्याले काय वाटन? मी म्हनलं, देवराव, गजूच्या आत्म्याले पोटच्या पोरीची काळजी वाटन, तुह्या नाकाची नाई. तवा एक जन हळूच म्हने, सरकारी पैसा कोनाले जाईन मंग? म्हनलं, निंघालं शेवटी! ते जसं ठरते तसं ठरलं, त्यात ना माहं भांडन ना तिचं, अन् तुमचा तं काहीच संबंध नाई. उठा माह्या ओट्यावरून. उठले. जाता जाता बंडूभाऊ म्हने, मंग तिनं स्मारकावर पाय ठेवाचा नाई. असं म्हनला. पाय ठेवाचा नाई.

लग्न लावलं आम्ही घरच्याघरी, अंगनात मांडव, जिनातल्या बाया आल्या, तिच्या माहेरचे पाच-पन्नास. कन्यादान मी केलं. भटजी म्हने विधवेनं करता येत नाई. मी म्हनलं, तुम्ही मंत्र म्हना, बाकी मी पाहातो.

अन् मंग आला पंधरा ऑगस्ट. मले बोलावलं, वीरमाता. मी गेली, कारन तो माह्या पोराचा दिवस आहे, बंडूभाऊचा नाई. मले मंचावर खुर्ची. समोर शाळेचे पोरं, गावचे लोक, पुतळ्याले हार. अन् मी पाह्यलं तं पार मागं, हातपंपापाशी, मनीषा उभी, चिमी तिच्या हाताले धरून, विलास बाजूले. तिनं कुकू लावलं होतं. दुरूनच हात जोडले तिनं पुतळ्याले, पुढं आली नाई, ऐकून होती ना का पाय ठेवाचा नाई म्हून. मले वाटलं चला, दुरून तं दुरून. पन बंडूभाऊनं पाह्यलं. त्यानं कानात सांगतलं एका मानसाले, तो मागं गेला. मले ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. त्यानं मनीषाले हातानं असं केलं, जा म्हून. अन् चिमीचा हात धरला. पोरगी पाह्यजे होती ताई त्याइले, शहीदाची लेक, फोटोसाठी, मंचावर. माय नको, लेक पाह्यजे. चिमी मायच्या पदराले लटकली, तो इकडून ओढे, ती बोंबले, आई आई, अन् माइकवर बंडूभाऊचं चालूच, अकरा दुश्मन, छातीवर गोळी.

मी उठली. मले आठवत नाई मी कशी उठली. माइक त्याच्या हातातून घेतला. हिसकलाच म्हना ना. मी म्हनलं, सोड पोरीले. आधी हे म्हनलं, सोड तिले, नाई तं इथून चप्पल फेकून मारीन. त्यानं सोडलं. मंग सारे माह्याकडे पाहून राह्यले. मी म्हनलं, लोकहो, मी गजूची माय आहे अन् मी खरं सांगतो. माह्या लेकानं एकही मानूस मारला नाई. तो पिठाच्या पोत्यावर बसला होता अन् डोंगर खचला. चौकीवर लोक उपाशी होते, त्याइच्यासाठी पीठ नेत होता. त्याले अंबाडीची भाजी आवडे, तो पालीले भ्याये, अन् त्याले मिशी नव्हती. हा पुतळा तुमचा आहे, माहा पोरगा असा नव्हता. अन् ती तिकडे उभी आहे ते त्याची बायको होती, तिचं लग्न मी लावून दिलं, मी, कोनाले काही म्हनाचं असन तं माह्या तोंडावर म्हना.

बंडूभाऊनं इशारा केला, माइक बंद केला. मले हासू आलं. माइक बंद करता मले? तीस वर्सं मी जिनात बोल्ली रे बाबा, मशीनच्या वरून. मी तशीच बोल्ली, पार तिकडे पानटपरीपर्यंत ऐकू गेलं. म्हनलं, ज्याइले माह्या पोराची खरी आठवन असन त्यानं माह्या सुनेले वाट द्यावी, नाई तं हा हार काढून घरी न्यावा. अन् खाली उतरली मी. मनीषाचा हात धरला अन् घेऊन आली, लोकाइच्या मधातून, चबुतऱ्यापर्यंत. तिनं हार घातला. विलास चपला काढून उभा राह्यला. कोनी टाळी वाजवली नाई ताई, हे खरं सांगतो, सिनेमासारखं नाई झालं. हेडमास्तर बिचारा खाली पाहे. फक्त जिनातल्या आमच्या कमलाबाई अन् शेवंता, दोघी गर्दीतून निंघून येऊन आमच्या बाजूले उभ्या राह्यल्या. बस, दोघी.

मंग काय, झालं जे व्हाचं ते. देवरावनं बोलचाल सोडली. लोक म्हनत, म्हतारीचं डोकं फिरलं, शहीदाची बेइज्जती केली, पालीले भ्याये म्हने, असं सांगतात काय चारचौघात? काहून नाई सांगाचं? भ्याला म्हून तो मोठा नाई काय? भीत भीत गेला ना तो तिकडे, तुम्ही तं न भीता घरीच बसले. पुढच्या वर्सी मले बोलावलं नाई. मी रस्त्यानं पाह्यलं, दुसऱ्याच गावचा कोनी रिटायर फौजी आनून बसवला होता माह्या खुर्चीवर. त्याचा काय दोष, बिचारा घामानं भिजून राह्यला होता.

आठवन कराची कशी ते आमचं घरी चालते. यंदा आखाजीले आले होते तिघंही, आता चौघं झाले, मनीषाले पोरगा झाला, पाळन्यातला आहे. आखाजीले आमच्याकडे गेलेल्या मानसासाठी मातीच्या घागरी भरतात, थंडगार पानी, वाळा टाकून, वरती आंबा, अन् पानावर वाढतात, पुरनपोळी, वडे, कढी, पन्हं. दरवर्सी दोन भरतो मी, नवऱ्याची अन् गजूची. यंदा मी विलासले म्हनलं, बापू, तुह्या बायकोची घागर कोन भरते? तो पाह्यतच राह्यला. म्हने, कोनीच नाई काकू, तिच्या माहेरचे भरत असतीन. मी म्हनलं, काय आवडे तिले? तं म्हने, शेवया, दुधातल्या, पातळ. मनीषानं उठून शेवया टाकल्या. तीन घागरी मांडल्या. सविता तिचं नाव, मी तिले कधी पाह्यलं नाई. चिमीनं पानी शिंपडलं तिन्हीवर. विलास गजूच्या घागरीपाशी बसला अन् टोपी काढून डोकं टेकवलं. त्याले कोनी सांगतलं नव्हतं. तिथं भाषन नव्हतं, डीजे नव्हता, अन् मी त्या दिवशी पोटभर जेवली.

तुम्ही विचारता राग गेला काय. कायले जाईन? आता परवाच बंडूभाऊ आला, या ओट्यावर, तुम्ही बसल्या तिथंच. यंदा मोठे साहेब येनार आहेत म्हने झेंड्याले, काकू, वीरमाता नसन तं बरं दिसत नाई, झालं गेलं सोडा. मी म्हनलं, सोडलं. तीन खुर्च्या टाका. माही, मनीषाची अन् विलासची. तं म्हने, विलास कोन लागते शहीदाचा? मी म्हनलं, तो शहीदाच्या पोरीले सायकल शिकवते, ती पडली का उचलते, तिच्या डोक्याची ऊ काढते. तू सांग, तू कोन लागतं माह्या गजूचा? चाय आली होती त्याच्यासाठी, तशीच ठेवून गेला. पाहतो म्हने. पाहा म्हनलं. खुर्च्या टाकल्या तं जाईन, नाई टाकल्या तं नाई जानार, माहं काही अडलं नाई.

झालं ताई, लिहिलं ना सारं? मनीषाचं नाव नीट लिहा, पुरं लिहा, विलासचंही लिहा. लोक विचारतात का सुभद्राबाई, ती आता तुमची कोन? मी म्हनतो माही आहे, आन काय सांगू. दोन्ही लेकरं धडधाकट राहो, तिच्या कपाळी कुकू राहो, विलासची दुकानदारी चालो, लय वर्सं, लय लय वर्सं. अन् ज्याले पाहवत नसन त्यानं डोळे मिटून घ्यावे.